खिडकीतली पानगळ आणि तान्हुली: प्रकल्प नोंदी

२० सप्टेंबर

बाळ यायला थोडे दिवस उरलेत. झाडाला अजून पानगळीची चाहूलही नाही. सुरुवात करायला हीच वेळ बरी, नंतर हात मोकळे मिळणार नाहीत.

प्रकल्प असा: बैठकीच्या खोलीतली मोठी खिडकी, तिच्या अगदी लगतचं मेपलचं झाड, आणि त्या खिडकीच्या उजेडात बाळ. झाड पिवळं पडायला लागल्यापासून पार रिकामं होईपर्यंत, जमेल तेव्हा, त्याच जागेवरून फोटो काढायचे.

पानांच्या ढिगात झोपवलेलं बाळ, डोक्यावर पानांचा मुकुट, असे फोटो मला नको आहेत. एक तर खालून उचललेल्या पानांत बुरशी, किडे, माती, काय काय असतं; ते तान्ह्या अंगाला लावायचं कशाला? दुसरं म्हणजे त्या फोटोत पानं नुसती आरास होऊन बसतात, आणि बाळही. पानगळ आमच्या घरात खरोखर येते ती उजेडातून. उन्हाळ्यात या खोलीत हिरवट उजेड असतो, कारण तो पानांतून गाळून येतो. पानं बदलली की उजेड बदलणार आणि बाळाच्या गालावरचा रंगही बदलणार. मला तो पकडायचाय.

म्हणून एक गोष्ट आत्ताच पक्की करते: व्हाइट बॅलन्स (कुठल्या रंगाचा उजेड पांढरा धरायचा ती कॅमेऱ्याची सेटिंग) ५५०० केल्विनवर, म्हणजे साधारण दिवसाच्या उजेडाच्या मापावर, कायम. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा प्रत्येक वेळी रंगाची झाक पुसून टाकणार, आणि मला हवी आहे ती नेमकी झाकच. मात्र प्रत्येक वेळी पहिली फ्रेम ग्रे कार्डची (ठरावीक राखाडी रंगाच्या पुठ्ठ्याची) घ्यायची, म्हणजे खरा रंग काय होता हे नंतर कधीही काढता येईल. लेन्स ३५ मिमी. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा. फ्लॅश नाही, तो मारला की ऋतूचा उजेड मागे पडतो आणि सगळे दिवस सारखे दिसतात.

२३ सप्टेंबर

विषुवदिन झाला. थोरल्याला बाळाच्या जागी बसवून चाचणी घेतली. तो पाच वर्षांचा, त्यामुळे बसला कमी आणि "आता बाळ जांभई देतंय" असं सांगत लोळला जास्त. काम झालं.

उन्हाचं गणित मांडून ठेवते, पुढे लागेल. आजपासून २१-२२ डिसेंबरपर्यंत दुपारचा सूर्य सुमारे साडेतेवीस अंशांनी खाली उतरणार. खिडकीची वरची कड जमिनीपासून दोन मीटर धरली, तर सूर्य ४५ अंशांवर असताना ऊन खोलीत दोन मीटर आत येतं. तोच २५ अंशांवर आला की सव्वाचार मीटरपर्यंत पोचतं. म्हणजे आज जिथे नुसती मऊ सावली आहे, तिथे दोन महिन्यांनी थेट ऊन असेल. पाळण्याची जागा हे बघूनच ठरवायची, नाहीतर ऐन नोव्हेंबरात बाळाच्या डोळ्यांवर तिरीप येईल.

४ ऑक्टोबर

धाकटी काल आली. दोघी बऱ्या आहोत. पुढची नोंद घरी गेल्यावर.

७ ऑक्टोबर

घरी. खिडकीतली पहिली फ्रेम झाली.

मालिकेची फ्रेम रुंद आहे, त्यात धाकटी एवढीशी दिसते. ती झाल्यावर तिला जवळून बघत बसले. कानाच्या पाळीवर आणि खांद्यावर बारीक लव आहे, उजेड मागून आला तरच दिसते. नाकाच्या शेंड्यावर मोहरीहून लहान पांढरे ठिपके. मनगटाची कातडी कोरडी होऊन कागदासारखी सुटतेय. डॉक्टर म्हणाले, नवजात बाळांत हे सगळं नेहमीचं, आपोआप जातं. म्हणूनच आज टिपायचं. पुढच्या आठवड्यात यातलं काही राहीलच असं नाही.

जवळच्या फोटोंसाठी ५० मिमी लावली. साठ सेंटिमीटरवरून एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचं भोक मोठं उघडलं की, जेमतेम दीड सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो: पापणी मिळाली तर कान गेला. भोक लहान करून एफ ४ ला तोच पट्टा साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि चेहऱ्याचा पुढचा भाग सगळा मिळतो. पार्श्वभूमी विरघळवण्याची हौस मला नाही. दुपट्याची वीणसुद्धा दिसायला हवी, तीही या दिवसांचीच आहे. त्यामुळे एफ ४, आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) जाईल तिथवर जाऊ दे. दाणे आले तर आले.

झोपलेल्या बाळावर कॅमेऱ्याचा डोळे ओळखणारा फोकस चालत नाही, मिटलेला डोळा त्याला सापडत नाही. एकच फोकस बिंदू, पापण्यांच्या केसांवर.

आणि हे मोठ्या अक्षरांत: पट्टा मानेत असल्याशिवाय कॅमेरा बाळाच्या वर धरायचा नाही. वरून काढायचा फोटो हातात धरूनच, तोही दुसरं माणूस शेजारी असताना. ट्रायपॉडचा आडवा दांडा पाळण्यावर कधीही नाही.

९ ऑक्टोबर

आज कामापेक्षा काळजीच जास्त झाली.

सकाळी पडद्यावर फोटो बघताना धाकटी पिवळी दिसली. खिडकीबाहेर झाड अर्धं पिवळं झालंय, त्यामुळे उजेड पिवळा. व्हाइट बॅलन्स कायम ठेवल्यामुळे तो पिवळेपणा फोटोत जसाच्या तसा येणार. पण हा पिवळा झाडाचा की तिचा?

ग्रे कार्डची फ्रेम घेऊन झाक काढून टाकली. चादर पांढरी झाली, माझा हात नेहमीसारखा झाला, आणि तिचा चेहरा तरीही थोडा पिवळा राहिला. तिला घेऊन मागच्या खोलीत गेले, तिथल्या खिडकीबाहेर झाड नाही. कपाळ बोटाने हलकेच दाबून सोडलं, डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला. पिवळी झाक होती.

नवजात बाळांची कावीळ फार आढळते. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साठेक बाळांना पहिल्या आठवड्यात ती दिसते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास वाढते आणि बहुतेकांत आपोआप ओसरते. पण किती आहे हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं, आणि कॅमेऱ्याने तर मुळीच नाही. ते मोजावं लागतं. दुपारी दाखवून आणलं, रक्त तपासलं. पातळी काळजीची नाही. दूध पाजत राहा, झोपाळू वाटली तर उठवून पाजा, परवा पुन्हा दाखवा, असं सांगितलंय.

ज्यांच्या खिडकीबाहेर रंगीत झाड आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते: पानगळीच्या दिवसांत अशा खिडकीत बाळाचा रंग जोखू नका. पिवळा उजेड निरोगी बाळाला आजारी दाखवतो, आणि त्याहून वाईट म्हणजे खरा पिवळेपणा लपवतो, कारण सगळंच पिवळं असतं.

आजची फ्रेम मालिकेत आहे. दुरुस्त केलेली नाही.

११ ऑक्टोबर

पुन्हा तपासलं, पातळी उतरतेय. आज फोटो नाहीत, झोप.

१५ ऑक्टोबर

बाहेरची पानं मला हवी आहेत, पण अजून लांब चालवत नाही. नवरा थोरल्याला घेऊन निघाला होता, त्याच्या हाती कॅमेरा दिला.

"हिस्टोग्राममधला लाल रंग तेवढा बघत जा," मी म्हटलं. हिस्टोग्राम म्हणजे फोटोतला उजेड, डावीकडे काळा ते उजवीकडे पांढरा, दाखवणारा आलेख.

"उजवीकडे जाऊन धडकला की उजेड कमी करू?"

"हो. एकत्र दाखवतो त्या आलेखावर जाऊ नकोस, तो ठीक दिसतो आणि लाल मात्र आधीच फुटलेला असतो."

लाल पानं आणि नवजात कातडी, दोघांचाही हाच त्रास. लाल चॅनल इतरांच्या आधी भरून वाहतो, मग पानाच्या शिरा जातात आणि गालाचा पोत जातो. उरतो एकसारखा लाल डाग. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) थोडं वाचवता येतं, सगळं नाही. त्यामुळे पानांसाठी जी सवय लावून घ्यायची, तीच आतल्या फोटोंना उपयोगी पडते.

आभाळ भरलेलं होतं ते बरंच झालं. भर उन्हात पानांवर चकाकी येते आणि रंग फिके पडतात. पाऊस पडून गेल्यावर ओल्या पानांवर पोलरायझर (लेन्ससमोरचा चकाकी कापणारा फिल्टर) फिरवला की वरची चमक निघून जाते आणि खालचा रंग वर येतो. बदल्यात दीड-दोन स्टॉप उजेड (एक स्टॉप म्हणजे निम्मा किंवा दुप्पट) द्यावा लागतो, म्हणून वारा पडेपर्यंत थांबायचं.

परत आल्यावर थोरल्याने खिशातून पानं काढून ओळीने मांडली: हिरवं, हिरवं-पिवळं, पिवळं, एक टोकाला लाल झालेलं. त्याला सांगितलं की पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा निघून गेला की तो दिसतो. लाल मात्र बहुतेक झाडं याच दिवसांत नव्याने तयार करतात, पानात अडकलेल्या साखरेपासून, आणि ऊन लागतं त्या बाजूला जास्त. त्याने लाल टोकाचं पान खिडकीपाशी नेऊन विचारलं, "म्हणजे याचं हे टोक उन्हात होतं?" असावं. त्याने लावलेली ओळ होती तशीच टिपली. पानं बशीत, पाळण्यापासून लांब.

२२ ऑक्टोबर

झाड आज पुरतं पिवळं. दुपारी ऊन त्याच्यावरून उसळून खोलीत आलं तेव्हा भिंत, चादर, माझे हात, सगळं एका रंगात. धाकटी जागी होती आणि तोंड खिडकीकडे होतं. या वयाच्या बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच काय ते बरं दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा असतो तेवढं. रंगही अजून नीट कळत नाहीत. पण उजळ खिडकी आणि काळी चौकट यांच्यातला फरक तिला दिसतो. ती पानं बघत नव्हती, चौकटीची कड बघत होती. मी तिच्या नजरेची रेघ धरून कॅमेरा वळवला आणि मालिकेबाहेरची एक फ्रेम घेतली: चौकट काळीकुट्ट, बाहेरचा पिवळा पूर्ण अस्पष्ट, एकही पान ओळखू येत नाही. आजवरचा माझा सगळ्यात आवडता फोटो हा.

सेटिंग: एफ ४, शटर १/२५० सेकंद, आयएसओ ८००. जागं बाळ सतत हलतं. १/१२५ च्या खाली बोटं पुसट होतात. पांढऱ्या चादरीमुळे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि सगळं राखाडी करू बघतो, म्हणून एक स्टॉप वर.

२७ ऑक्टोबर, रात्री

रात्रीची पाजणी. नवऱ्याने दोन फोटो काढले, दोन्हींवर आडवे पट्टे. बाळ जागं होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलेलं असतं. ते चित्र ओळीओळीने वाचतं, आणि एलईडी दिवा विजेच्या लयीत मिणमिणतो. ५० हर्ट्झची वीज असेल तर सेकंदाला १०० वेळा, ६० ची असेल तर १२० वेळा. त्यामुळे काही ओळी उजळ, काही काळ्या. उपाय: शटर १/५० किंवा १/१०० (६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०), म्हणजे प्रत्येक ओळीला पूर्ण लुकलुक मिळते. पाजताना दोघी इतक्या स्थिर असतो की १/५० चालून जातं.

रात्रीचे फोटो मालिकेत जाणार नाहीत. ते माझ्यासाठी.

२ नोव्हेंबर

रात्री सोसाट्याचा वारा. सकाळी झाडाचा वरचा निम्मा भाग मोकळा.

आत आलेला उजेड मोजला तर कालच्यापेक्षा स्टॉपभर जास्त, आणि रंगही एकदम थंड. अंगण पिवळं आणि खोली निळसर, असं उलटं झालं. मालिकेतली ही उडी मला गुळगुळीत करायची नाही. एका रात्रीत झालं, तसंच दिसू दे.

नवऱ्याने वाऱ्याने तुटलेली डहाळी आणली. एक्स्टेन्शन ट्यूब (अगदी जवळून टिपण्यासाठी लेन्समागे लावायची पोकळ नळी) लावून देठाची टोकं टिपली. पान आपण ओढून काढलं तर देठ फाटतो. हे देठ साफ सुटलेले. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पान तिथून अलग होतं, डहाळीवर एक छोटा वण राहतो. त्या वणाच्या अगदी वर पुढच्या वर्षीचा कोंब. तो आत्ता उगवलेला नाही, उन्हाळ्यातच तयार होऊन पानाच्या बगलेत बसलेला असतो. पान गेल्यावर दिसतो इतकंच.

तीच ट्यूब घेऊन धाकटीच्या पायाच्या बोटांकडे वळले. नवजात बाळाचा श्वास मिनिटाला तीस ते साठ वेळा चालतो आणि इतक्या जवळून प्रत्येक श्वास पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचतो, फोकस आत-बाहेर होत राहतो. एक चांगला मिळाला: करंगळीचं नख, तांदळाच्या कणीएवढं, आणि त्याच्या कडेला दुपट्याचा एक धागा अडकलेला. तो धागा फोटो काढल्याबरोबर सोडवला. बाळाच्या बोटाला असा धागा आवळला तर इजा होते, रोज बघायची गोष्ट आहे ही.

५ नोव्हेंबर

थोरला बाहेरून धावत आला. "आई, आता आपण रस्त्यावरून दिसतो!"

खरंच की. पानं होती तोवर खिडकीला पडदा होता. पातळ पांढरा कापडी पडदा आजच लावून घेतला. तो नीटनेटका मऊ उजेडही देईल.

पण पडदा लावण्याआधी बाहेरून आत बघणारी फ्रेम हवी होती. बाहेरच्या उजेडात काच आरसा होते. पोलरायझरने प्रतिबिंब जातं, पण काचेसमोर सरळ उभं राहून काही उपयोग नाही. काचेच्या लंबाशी साधारण ५६ अंशांचा कोन धरला तर सगळ्यात जास्त फरक पडतो. तेवढ्या तिरक्या कोनातून फांद्या मध्ये येत होत्या. मग संध्याकाळची वाट पाहिली. आतला दिवा आणि बाहेरचं आभाळ सारखं उजळ असतं ती वेळ फार थोडी, पण तेव्हा काच आपोआप पारदर्शक होते. मी बाहेर, शाल गुंडाळून. आत नवरा, खांद्यावर धाकटी, ढेकरासाठी पाठ थोपटतोय. पुढे उघड्या फांद्या.

१४ नोव्हेंबर

आजच्या फ्रेममध्ये माझा हात आला. कापायचा का, याचा विचार करत होते. एकोणिसाव्या शतकात एक्सपोजर इतकं लांब असायचं की तान्ही मुलं स्थिर राहत नसत. मग आई कापडाखाली लपून मुलाला धरून बसायची आणि छायाचित्रात नुसता कापडाचा ढीग दिसायचा. तसे बरेच फोटो आज शिल्लक आहेत. ते बघताना माझी नजर मुलावर थांबत नाही, कापडाकडेच जाते. माझा हात राहील.

२० नोव्हेंबर

हसली. झोपेतलं नव्हे, बघून. थोरल्याकडे बघून.

सहा ते आठ आठवड्यांत असं हसू येतं हे माहीत होतं, म्हणून कॅमेरा आठवडाभर हाताशी होता. हसली तेव्हा मी कॅमेऱ्याकडे हात नेला नाही. थोरला पुन्हा पुन्हा वाकून "हॅलो" म्हणत होता आणि ती पुन्हा पुन्हा. चौथ्या-पाचव्या वेळी उठून मालिकेची फ्रेम घेतली. तिचं तोंड त्याच्या डोक्याआड आहे, दिसतो तो त्याचा कान आणि गाल वर गेल्याची घडी. चालेल.

२८ नोव्हेंबर

झाड रिकामं. ऊन थेट खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत, सप्टेंबरात मांडलेल्या हिशेबाप्रमाणे. पाळणा बाजूला आहे म्हणून तिच्या डोळ्यांवर येत नाही. पडद्यातून गाळलेला उजेड स्वच्छ, किंचित निळा. मालिका इथे थांबवते.

६ डिसेंबर

निवड. सगळ्या फ्रेम लहान आकारात छापून जमिनीवर मांडल्या. पडद्यावर बघण्यापेक्षा हे बरं, कारण क्रम एका नजरेत येतो: हिरवट, पिवळट, पिवळा, मग वाऱ्याच्या रात्रीची ती उडी, मग निळसर. सुंदर आहेत म्हणून ठेवलेल्या काही फ्रेम काढून टाकल्या. शेजारच्या फ्रेमपेक्षा उजेडात काही बदललेलं नव्हतं. कागद मॅट. त्यावर रंग थोडे उतरतात, पण चकचकीत कागदावर खिडकीच उमटते आणि फोटो दिसत नाही.

मूळ रॉ फाइल्सच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रत घराबाहेर. कोणाला फोटो पाठवताना जागेची माहिती फाइलमधून काढूनच पाठवायची.

१० डिसेंबर

९ ऑक्टोबरच्या फ्रेमवर बोलणं झालं. नवऱ्याचं म्हणणं, ती दुरुस्त करून लावावी. "ती मोठी झाल्यावर बघेल आणि विचारेल, मी अशी का दिसते?"

"मग सांगू की."

"काय सांगशील? झाड की कावीळ?"

"दोन्ही होतं. त्या दिवशी आपल्यालाही कळत नव्हतं."

तो जरा वेळ ग्रे कार्डवरून झाक काढलेली प्रत आणि मूळ फ्रेम शेजारी धरून बघत राहिला. शेवटी असं ठरलं: मालिकेत मूळ फ्रेम, जशी आहे तशी, समोरच्या पानावर ग्रे कार्डची फ्रेम, आणि खाली तारीख, केल्विन आणि त्या दिवशीच्या तपासणीची पातळी. बाकी कुठल्याच फोटोखाली काही लिहायचं नाही. त्या दोन पानांचा छापील नमुना उद्या बघायचा, मग बांधणीला.